चेंडू खिडकीकडे का जातो

“ड्रॉइंग काढलंस का?” गॅलरी बंद करून तिची खोली करतेय, असं सांगितल्यावर आहेर सरांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला होता.

“सर, गॅलरी आहे ती, गंगापूर धरण नाही,” प्रतिभा हसत म्हणाली होती.

“दुसऱ्याच्या बिल्डिंगमध्ये आपण इंजिनिअर असतो. स्वतःच्या घरात गिऱ्हाईक होऊन बसतो. जप.”

तिने ते कानाआड केलं. मखमलाबाद रोडवरच्या त्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांनी गॅलऱ्या बंद केल्या होत्या, एकाच मिस्त्रीकडून, एकसारख्या. कुणाचं काय बिघडलं होतं? कठड्यावर विटा चढल्या, वर सरकत्या काचा बसल्या, खाली भराव घालून फरशी हॉलच्या बरोबरीला आली आणि वेदिकाला खेळायला खोली झाली. लेकीसाठीच तर प्रतिभाने सरांच्या ऑफिसातली नोकरी थांबवली होती.

पण सवय कुठे जाते? तिचे डोळे सतत वर लागलेले. वरच्या मजल्यावरच्या छायाताईंनी गॅलरीत सायखेड्याची माती भरून झेंडूची पिंपं मांडली होती. ओल्या मातीचं वजन किती, हे प्रतिभाला झोपेतही सांगता आलं असतं. रोज सकाळी वेदिकाला त्या खोलीत सोडण्याआधी ती मोबाइलचा टॉर्च लावून छत न्याहाळायची. भेग नाही, ओल नाही. तरी जिवाला चैन नाही.

वेदिकाचा आपला एकच खेळ. लाल चेंडू फरशीवर ठेवायचा आणि हात सोडायचा. चेंडू घरंगळत खिडकीखालच्या भिंतीवर टप्पकन आपटला, की टाळ्या. “पळाला!”

मग खालच्या गॅलरीतून आक्काबाईंचा आवाज यायचा. “वेदूऽ, पळाला का गं चेंडू?” आक्काबाई तिथे दिवसभर हार ओवत बसायच्या, त्यांचा मुलगा भारत ते फुलबाजारात न्यायचा.

त्या सकाळी टॉर्च विझवताना प्रतिभाला साइटवरचे सर आठवले. ‘पुढे काढलेली गॅलरी खालून बघायची नसते. ती आधी वरच्या अंगाला फाटते, भिंतीला लागून. खालून पार शेवटपर्यंत गुळगुळीत दिसते.’ मग आपण रोज खालून काय बघतोय? तिने वेदिकाला कडेवर घेतलं आणि कढीपत्त्याचं निमित्त करून वर गेली.

“खरं सांग,” छायाताई म्हणाल्या, “कढीपत्ता हवाय की माझी पिंपं मोजायला आलीस?”

प्रतिभा लाजली, पण गुडघ्यांवर बसलीच. पिंपांच्या मागून, भिंतीच्या कडेकडेने बोट फिरवत गेली. फरशी अखंड होती. तेवढ्यात वेदिकाने चेंडू सोडला आणि कठड्याकडे बघत टाळीसाठी हात उचलून उभी राहिली. चेंडू उलटा आला. भिंतीकडे, थेट पाण्याच्या जाळीपाशी.

“नाही पळाला,” वेदिका रडवेली झाली.

“अगं, पाणी जायला उतार तिकडेच ठेवतात. चेंडू शहाणा आहे.”

“मग? झाली का माझी गॅलरी पास?” छायाताईंनी विचारलं.

“झाली, ताई.”

“पेढे तू आण हं. परीक्षा तू घेतलीस.”

प्रतिभा हलकी होऊन खाली आली. वेदिकाने खोलीत जाऊन पहिलं काम केलं ते चेंडू सोडायचं. तो खिडकीकडे गेला. “पळाला!” प्रतिभाही हसली, आणि हसता हसता थांबली.

हा का पळतो?

इथे तर उतारच नव्हता. फरशी बसवताना ती स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर उभी होती. त्याच्या लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा बरोबर मध्ये आल्याशिवाय तिने त्याला पुढची फरशी उचलू दिली नव्हती, पोर घसरू नये म्हणून. तिने चेंडू खोलीच्या मध्यावर ठेवला, हळूच बोटं काढली. चेंडू क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि खिडकीकडे निघाला. पुन्हा ठेवला. पुन्हा तिकडेच.

उंबऱ्यालगत वेदिकाची फुलाफुलांची मॅट अंथरलेली असायची. तिने ती उचलली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जुन्या हॉलला नवी खोली जिथे मिळत होती तिथे, सरळ रेघ. त्या रेघेत तिने रुपया धरून पाहिला. रुपया आत जाऊन उभा राहिला.

वेदिकाला उचलून ती हॉलमध्ये आली, दार ओढून घेतलं आणि फोन लावला. “सर, भेग आहे. माझ्याच गॅलरीत, उंबऱ्याला लागून. विटा-भरावाच्या वजनाने गॅलरी बाहेर झुकलीय. रुंदी साधारण...”

सरांनी रुंदी ऐकूनच घेतली नाही. “खाली कोण बसतं?”

वेदिकाला कडेवर घट्ट धरून प्रतिभा पायऱ्या उतरत नव्हती, जवळजवळ पडत होती. पहिल्या मजल्याचं दार उघडंच होतं. आक्काबाई गॅलरीत, मांडीवर झेंडूचा ढीग.

“आक्का, उठा. आत्ता!”

“एवढा हार होऊ दे की पोरी. भारत यील आता.”

“हार राहू दे, सुई राहू दे, उठा!” तिने दंडाला धरून त्यांना आत ओढलं. फुलं घरभर झाली. आक्काबाईंनी हॉलमधूनच मान वर करून त्या स्लॅबकडे बघितलं. निरखून निरखून बघितलं.

“काय बी नाय की गं तिथं. लय गुळगुळीत हाय.”

सरांची माणसं टेकू घेऊन निघाली होती. आक्काबाईंच्या उंबऱ्यावर बसून प्रतिभाने बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. आधी भराव, वजन, स्लॅब असं बरंच लिहिलं. मग ते सगळं पुसलं आणि एवढंच पाठवलं:

‘ज्यांनी ज्यांनी गॅलऱ्या बंद केल्यात, त्यांनी वर छताकडे नंतर बघा. आधी एक मजला खाली जा आणि बघून या, तिथे कोण बसलंय.’