आठवर अडकलेला काटा

"आठ!" उघड्या बॉनेटमागून मामा ओरडले.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या भाच्यानं इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. इंजिन तापल्यावरही ऑइलचं प्रेशर निदान वीस तरी हवं. तिसऱ्यांदा उघडून बांधलं, तरी आपलं आठच.

"पंप?" मामांनी विचारलं.

"नवा टाकलाय."

"बेअरिंगची मापं?"

"दोनदा घेतली. तुम्ही एकदा बघता का?"

"मी कशाला? तुझ्या हातावर भरवसा आहे माझा. पण काटा म्हणतोय ते ऐकायला नको?"

गॅरेजचा नियम मामांचाच. ज्यानं इंजिन बांधलं त्यानं सीटवर बसायचं, बॉनेटखाली इंजिनला जोडलेल्या मीटरचा काटा दुसऱ्यानं वाचायचा. स्वतःच्या कामाचा काटा प्रत्येकाला चांगलाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. गॅरेजात माणसं दोनच. त्यामुळे इंजिन भाच्यानं बांधायचं आणि काटा मामांनी वाचायचा.

भाच्याची बायको बदलीच्या गावी गेली त्याला पाच महिने झाले होते. मुलगी फोनवर आताशा नुसतं हं-हं करायची. तिथल्या बस डेपोत त्याची नोकरी ठरली होती आणि हजर व्हायची शेवटची तारीख होती सोमवार. पण हातातलं इंजिन अर्धवट टाकून जाणार नाही, असा शब्द त्यानं मामांना देऊन ठेवला होता. शब्द कसला, स्वतःच्या पायावर पाडून घेतलेला धोंडा! आई गेल्यावर ज्यांनी वाढवलं, हातात पहिला पाना दिला, त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. गॅरेजच्या भिंती मात्र रोज अंगावर येत होत्या.

"मामा, सोमवारी जायचंय मला."

"जा की. मी काय बांधून ठेवलंय तुला? उद्या गाडी रस्त्यात जाम झाली, की गिऱ्हाईक माझ्या नावानं खडे फोडेल. फोडू दे."

असं म्हटल्यावर कोण जाणार?

शनिवारी त्याच्या मनात शंका आली. प्रेशर आठवर असताना इंजिन इतकं शांत चालेल? कुठं खडखड नाही, टकटक नाही. आपल्या हातांतच खोट आहे असं धरून चालल्यामुळे इतके दिवस हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं इंजिन चांगलं तापू दिलं. मामा बॉनेटखाली वाकले, तसा तो दाराचा आवाज न करता खाली उतरला आणि चाकाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

काटा अठ्ठावीसवर होता. अगदी स्थिर.

"आठ!" मामा ओरडले.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तीनदा इंजिन उघडायला लावलं, पाच महिने पोरीपासून तोडलं, ते याच्यासाठी? मिनतवारीला आता जागा नव्हती. आजच निघायचं, आणि पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही. फक्त एकदा मामांचा चेहरा पडलेला बघायचा होता. मध्ये हातभर अंतर ठेवून तो वाट बघत राहिला.

मामांनी मान वर केली. त्यांची नजर थेट त्याच्या चेहऱ्यावर आली, क्षणभर तिथंच राहिली आणि पुढे सरकली.

"उतरू नकोस रे," रिकाम्या सीटकडे तोंड करून ते ओरडले, "आता तर सातवर आलाय!"