पहिला प्रश्न

बंगळुरूच्या बसवनगुडीतले सुधींद्र अण्णा दर रविवारी मुलांना मोबाइलवर येणारे औषधोपचार पारखायला शिकवत. पहिला प्रश्न ठरलेला: "सांगणारा डॉक्टर आहे का?" या वेळी सरावासाठी त्यांनी स्वतःच एक खोटा मेसेज रचला, 'कारल्याचा रस प्या, मधुमेहाच्या गोळ्या सोडा', आणि खाली मनानेच एका डॉक्टरचं नाव घालून मुलांच्या ग्रुपवर टाकला.

चौथ्या दिवशी बनशंकरीहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"अण्णा, गोळ्या बंद केल्या हं मी. कारल्याचा रस सुरू! तिघींनी तोच मेसेज पाठवला."

"अगं क्षमा, तो मीच लिहिलाय! सगळं खोटं आहे. आधी गोळी घे!"

"खाली एवढ्या मोठ्या डॉक्टरांचं नाव आहे," क्षमा शांतपणे म्हणाली.



"तू डॉक्टर आहेस का, अण्णा?"