दोन नावं, बाई एकच

"नातं सिद्ध होत नाही म्हणजे काय?" लक्ष्मीने तिसऱ्यांदा विचारलं.

कॅनडातून शिवानी समजावून थकली होती. "आई, आजोबांनी गावी माझ्या जन्माची नोंद करताना तुझं माहेरचं नाव घातलं, गोदा. तुझ्या पासपोर्टवर लक्ष्मी. व्हिसावाल्यांना काय कळणार? दोन्ही नावं एकाच बाईची, असं ॲफिडेव्हिट करून अपलोड कर, बस."

"गोवर आलेला तेव्हा रात्र-रात्र मांडीवर घेऊन बसलेले तुला. ते नाही लागत अपलोड करायला?"

शिवानी हसली. पुढच्या महिन्यात तिचे दिवस भरत होते. "लवकर ये गं. मला भीती वाटते. आणि भिंतीवरच्या मावशीला माझ्याकडून एक हार घाल."

बाळंतपणाची भीती लक्ष्मीलाही वाटायची. का, ते तिने मुलीला कधी सांगितलं नव्हतं.

कोपरहून निघून ती आणि तिचा नवरा सुदेश कल्याणला पोचले, तरी तिचा राग उतरला नव्हता. का उतरावा? मांडवात तांदळात अंगठीने नवं नाव काढतात, तेव्हा मुलीला कोणी विचारत नाही. पुढे जन्मभर त्याचे पुरावे मात्र तिनेच गोळा करायचे.

कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरीने गोदाचा शाळेचा दाखला आणि लक्ष्मीचा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवला.

"मावशी, दाखल्यावर वय तीन वर्षांनी जास्त आहे."

"मावशी नका म्हणू मला." लक्ष्मीचा आवाज चढला. "आणि गावचे मास्तर मनाला येईल ती तारीख टाकायचे. तुमची एक जून नाही का?"

नोटरी ओशाळला. त्याची एक जूनच होती. तो सुदेशकडे वळला. "काका, तुम्ही सांगा."

सुदेशची नजर दाखल्यावरच होती. "दोन्ही नावं माझ्या बायकोचीच," तो म्हणाला आणि रिक्षा बघायला निघून गेला.

"खोटं निघालं तर व्हिसाचं विसरा. सगळ्यांनाच सांगतो मी," नोटरी म्हणाला.

लक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं, संतापाचंच. "तिची आई मी नाही तर कोण आहे? सांगा ना तुम्ही."

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला. नोटरीने आणखी काही न विचारता शिक्का मारला.

घरी येऊन तिने मोबाइलवर कागदाचे फोटो काढले. आधी फाइल मोठी आहे म्हणून परत आली, मग धूसर आहे म्हणून. या मेल्यांना एका बाईचं मुलीकडे जाणं एवढं खुपतं तरी का, असं पुटपुटत तिने पुन्हा फोटो काढले. अखेर हिरवी खूण उमटली. सुदेशने ती पाहिली आणि तो आतल्या खोलीत गेला.

स्टेशनबाहेरून आणलेला हार अजून पुडीतच होता. लक्ष्मीने पदर खोचला, स्टूल ओढून त्यावर चढली आणि फोटोतल्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात तो नीट बसवला.

"गोदाताई," ती हळूच म्हणाली, "तुझ्या लेकीच्या बाळंतपणाला जाऊन येते गं."