चिमीची भाषा

मोनाली पुन्हा रुआबांधा वस्तीतल्या म्हाताऱ्या सिंधुताईकडे निघाली. आठवड्यातली ही चौथी खेप. वंदना ओट्यापाशी चिमीच्या वाटीत दूध ओतत होती. घरातली ही तिसरी चिमी. नाव तेच राहिलं, मांजर बदलत गेलं. "ये वं माय, भूक लागली काय माह्या सोनीले? पे, सावकाश पे," असं ती मांजरीला म्हणत होती, पण सगळा कान पोरीच्या चपलांकडे. मग दाराकडे तोंड करून तिने विचारलं, "खाना खाके जा न, बेटा?"

आजीकडे खाईन, असं हिंदीतच सांगून मोनालीने स्कूटी काढली.

वंदनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजी म्हणे! ना नात्याची ना गोत्याची, आणि आजी.

मोनाली दिल्लीहून दोन महिन्यांसाठी घरी आली होती, प्रबंध लिहायला. विषय होता गॅलिशियन आणि कुर्दिश या दोन भाषांची तुलना. एक स्पेनच्या कोपऱ्यातली, दुसरी चार देशांत वाटल्या गेलेल्या लोकांची. वंदनाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. वाटत होतं ते हे की, पोरगी तो प्रबंध रुआबांध्यात जाऊन सिंधुताईला समजावून सांगते, आणि तेही मोडक्यातोडक्या मराठीत. चाळीस वर्षं भिलाईत काढून जिला धड हिंदी आली नाही, त्या म्हातारीला! नवरा, प्रफुल्ल, ड्यूटीवरून आला तेव्हा तिने त्याच्यापाशी गाऱ्हाणं केलं. तो म्हणाला, एकटी बाई आहे, तिला तेवढाच विरंगुळा. वंदनाला काय, विरंगुळा नको होता?

आणि मराठीच हवी होती तर घरात काय कमी होती? वंदना भंडाऱ्याकडची, मराठीतच लहानाची मोठी झालेली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. पोरीशी ती कधी मराठीत बोलली नाही हे खरं. पण त्याला कारण होतं. लग्न होऊन भिलाईला आली त्या वर्षी इथल्या सुपेल्याच्या बाजारात तिने सांबाराची जुडी मागितली होती. तिच्या गावाकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. भाजीवाला हसला, शेजारच्या बायका हसल्या, एकीने तर तिला इडलीवाल्याचा पत्ता सांगितला. पिशवी रिकामी घेऊन ती घरी आली आणि तिने ठरवून टाकलं, माझ्या लेकराला असं कोणी हसणार नाही. मोनाली पाळण्यात होती तेव्हापासून तिच्याशी हिंदी. नवरा-बायको आपसात मराठीत बोलत. पोरगी खोलीत आली की दोघंही हिंदीवर येत. आणि पोरगी कुठे अडली? थेट दिल्लीपर्यंत गेली.

दुपारी वंदनाच्याने राहवेना. सिंधुताईचा एक डबा महिनाभर घरात पडून होता. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून तिने त्यात मोनालीच्या आवडीचे कडक शंकरपाळे भरले. सिंधुताईला दात नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. डबा मांडीवर घेऊन ती ऑटोत बसली.

रुआबांध्याच्या घरात सिंधुताई लाखोळीची डाळ निवडत होती. समोर मोनाली, मांडीवर लॅपटॉप. ती अडखळत सांगत होती, "कुर्दिश बोलायला किती तरी वर्षं मनाई होती, आजी. बोललं तं पकडून नेत. मग मायबाया दार लावून लेकरांशी बोलल्या. भाषा घरातच जगली."

तेवढ्यात तिला दारात आई दिसली. ती लगेच हिंदीवर आली आणि सगळं पहिल्यापासून आईला हिंदीत सांगू लागली. पाहुण्याला सांगावं तसं, नीट, सोपं करून.

वंदनाने डबा दाणकन खाली ठेवला. "मले समजते मराठी," ती म्हणाली. "माहीच भाषा आहे ते."

सिंधुताईने वंदनाला बसायला चटई ओढून दिली आणि दुसऱ्या भाषेचं काय झालं म्हणून विचारलं. मोनाली सांगू लागली. गॅलिशियनलाही एके काळी दाबलंच होतं. आता मात्र ती शाळेत आहे, कचेरीत आहे, कोणी अडवत नाही. तरी घराघरांतून कमी होत चालली आहे. खेड्याची भाषा म्हणून लोकांना तिची लाज वाटत आली. एका म्हातारीची मुलाखत मोनालीने ऐकली होती. ती बाई जन्मभर गोठ्यात गाईंशी गॅलिशियनमध्ये बोलली आणि घरात पोरीशी स्पॅनिशमध्ये.

सिंधुताई तोंडाला पदर लावून हसली. वंदनालाही हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदाच या दोघींचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि पोरीसमोर मराठीत बोलायला वंदनाला आयतीच जागा मिळाली होती.

"गाईचे लाड आपल्या बोलीत, अन् पोटच्या पोरीशी लोकाची भाषा," ती म्हणाली. "अशी कशी माय असन वं ते?"

मोनाली हसली नाही. तिने लॅपटॉप मिटला. आईशी ती आजवर हिंदीतच बोलली होती. आता एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली,

"तिची पोरगी नाही भेटली मले. पण मी लहानपणी रोज देवाले म्हणत होती, मले मांजर कर."