निळा ठिपका

डिलेनीचा गुडघा काही केल्या थांबेना. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत ती आडवी पडली होती आणि उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी आपोआप नाचत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे आजोबा, ऑटो व्राना, ट्रॅक्टरच्या जाहिरातींचं मासिक उघडून बसले होते. वाचत कसले होते! दहा मिनिटं झाली तरी पान उलटलं नव्हतं.

डॉक्टर प्रुइटबाईंनी तिच्या दातांवरचे अलाइनर, म्हणजे दात सरळ करायचे पारदर्शक साचे, काढून दिव्यासमोर धरले होते. शाळकरी पोरांच्या अलाइनरला मागे दाढेपाशी एक निळा ठिपका असतो. दिवसाचे बावीस तास तोंडात राहिला, की दोन आठवड्यांत तो विरून जातो. डबीत राहिला, तर निळाच राहतो, आणि डॉक्टरांना काही विचारावं लागत नाही.

डिलेनीचा ठिपका काल संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा निळा होता. अलाइनर घालून ट्रम्पेट वाजवला, की सुरात हवा शिरायची. राज्याच्या शालेय बँडची निवडचाचणी तीन आठवड्यांवर आलेली. म्हणून सरावापुरते ते डबीत गेले आणि मग डबीतच राहिले. शेवटी शाळेच्या बँडमधल्या एका पोराने तोडगा सांगितला. आजोबांच्या कवळी धुवायच्या दोन गोळ्या, कोमट पाणी आणि पेला, तोही आजोबांचाच. अर्ध्या तासात ठिपका गायब.

"अगं वा!" प्रुइटबाई म्हणाल्या. "पार पांढरा झालाय. तुझ्या वयाची पोरं मला रोज थापा मारतात गं. निदान तू तरी शहाणी निघालीस."

डिलेनीचा जीव भांड्यात पडला. गुडघा थांबला.

बाईंनी अलाइनरचा पुढचा, नवा जोड काढला आणि तिच्या दातांवर बसवायला घेतला. बसेना. पुन्हा दाबला. समोरच्या दोन दातांपाशी फट राहिली ती राहिलीच. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"दात जागचे हललेच नाहीत."

"मग?"

"मग काय! तू नेमाने घातलेस तरी हलले नाहीत, म्हणजे तुझ्या दातांना प्लॅस्टिक दाद देत नाही. तारा लावू या. आजच लावते, चारचा पेशंट यायचा नाहीये."

तारा लावल्या की ट्रम्पेट दाबताना ओठ आतून सोलून निघतात. गेल्या वर्षी बँडमधल्या एका मुलीला दोन महिने नुसतं बसून राहावं लागलं होतं.

"डॉक्टर, माझी निवड आहे हो! तीनच आठवडे राहिलेत!"

"मलाही वाईट वाटतंय गं. तू टाळाटाळ केली असतीस, तर याच जुन्या जोडावर आणखी महिनाभर बघू, असं म्हटलं असतं मी. पण तू तर एक दिवससुद्धा चुकवला नाहीस."

बाई उठल्या आणि कपाटातून तारांचा ट्रे काढू लागल्या. गुडघा पुन्हा सुरू झाला. डिलेनीने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी आता कुठे पान उलटलं.

"डॉक्टरबाई," ते मासिकातून मान वर न काढता म्हणाले, "त्या कवळीच्या गोळ्या भारी जालीम हो. माझे कॉफीचे डाग दहा मिनिटांत साफ."

"हो का? छान," बाई ट्रेमध्ये बघतच म्हणाल्या.

"हो ना. आणखी काय काय साफ होतं, ते आमच्या घरात एकालाच ठाऊक."

डिलेनीचे कान तापले. आजोबांना सगळं कळलं होतं आणि तरी ते तिच्या तोंडून ऐकायला बसले होते. बाईंनी ट्रे आणून ठेवला. चिमुकले चकचकीत तुकडे ओळीने मांडलेले. ती ताडकन उठून बसली.

"मी घातलेच नाहीत."

"काय?"

"अलाइनर. एक दिवससुद्धा धड नाही घातले. ठिपका मी गोळ्यांनी घालवला." तिचा आवाज चिरकला. लाज वाटत होती, आणि तीही आजोबांसमोर.

प्रुइटबाईंनी हातमोजे काढले. एक बोट, मग दुसरं. बराच वेळ लागला त्याला.

"हाच जुना जोड घालायचा," त्या म्हणाल्या. "बावीस तास. उरलेल्या दोन तासांत जेवायचं आणि दात घासायचे. वाजवायचं असेल, तर घालून वाजव. आणि दर शुक्रवारी इथे येऊन मला दात दाखवायचे. ठिपक्यावर माझा आता विश्वास राहिला नाही."

"घालून सूर लागत नाही हो, डॉक्टर!"

"लागत नसेल तर बसवायला शिक. नाहीतर हा ट्रे आहेच."

बाहेर पिकअपमध्ये बसल्या बसल्या ती आजोबांवर उसळली. "घरीच का नाही बोललात? सगळ्यांसमोर माझी शोभा!"

"घरी ऐकलं असतंस?"

अंगठ्याने दाबत दाबत तिने अलाइनर चढवले, टक्क आवाज होईपर्यंत. मग पायापाशी ठेवलेली पेटी उघडून ट्रम्पेट काढला आणि ओठांना लावला. खालचे तीन सूर कसेबसे निघाले. चौथ्याला नुसती फुस्स हवा. समोरून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं.

डिलेनीने ट्रम्पेट मांडीवर आपटला. डोळे भरून आले होते.

आजोबांनी गाडीला लावलेली किल्ली पुन्हा बाहेर काढली आणि टोपी डॅशबोर्डवर ठेवली.

"हं," ते म्हणाले, "पुन्हा."