मागून येणाऱ्याची मूठ

कोंबडीवाल्याने खुराड्यासमोर उकिडवं बसून एकेकीवर नजर फिरवली. लाली, करडी, मानेवर एकही पीस नसलेली आणि तरी तोऱ्यात चालणारी मास्तरीण, आणि सगळ्यांच्या मागून येणारी लंगडी. मग गुडघ्यांवर हात टेकून तो उठला.

"सगळ्या नेतो. सकाळी टोपली घेऊन येईन. फक्त एक करा वहिनी, आज संध्याकाळी दाणा टाकू नका."

"मला काय शिकवता? ठाऊक आहे."

"ठाऊक सगळ्यांनाच असतं, हात राहत नाही. भरल्या पोटाची कोंबडी टोपलीत घाण करते, वाटेत दगावते. आणि तुमचा दाणा मी कोंबडीच्या भावाने का तोलून घेऊ? एकीचंही पोट भरलेलं लागलं तर आल्या पावली परत जाईन. मग बसा यांना मांडीवर घेऊन."

"नाही टाकणार," सून म्हणाली. "संध्याकाळचं बंद केलं की सकाळी घाण निघत नाही."

बोलून झालं आणि हे आपण कुठेतरी ऐकलंय असं तिला वाटलं. कोंबडीवाला फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं. ऐकलं नव्हतं, ते तिनेच म्हटलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा नवऱ्याला. याच शब्दांत. त्याने मान हलवून वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. आतल्या खोलीतून रोज दिवेलागणीला आवाज यायचा, "पोरी, घासभर तरी दे गं." पुढे पुढे तोही येईनासा झाला.

कोंबड्या सासूबाईंच्या. दिवस कलला की त्या मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसत, "या गं बायांनो, या," अशी लांबवर हाक घालत आणि दाणा टाकत. शेवटची एक मूठ मात्र राखून ठेवत. "ही मागून येणाऱ्याची," म्हणत. सगळ्यांचं खाऊन झालं, की उशिरा येणारीसाठी ती मूठ दगडावर ठेवायची. बहुतेक वेळा ती लंगडीच असे. सासूबाईंनी बाकीच्यांना इतक्या वेळा हुसकावलं होतं, की त्या मुठीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

सासूबाई गेल्यापासून दगडावर कुणी बसत नव्हतं. सून खुराड्याच्या दाराशी डबा वाजवून दाणा टाकायची. हाक तिने कधी मारली नव्हती. पण कोंबड्या आधी दगडापाशी जात आणि माना वर करून उभ्या राहत. रोज. तिला ते बघवत नव्हतं. नवऱ्याला तिने सांगितलं होतं, घाण काढून काढून जीव मेटाकुटीला आलाय, विकून टाकू.

आजही त्या दगडापाशी जमल्या. सून मागच्या दारात उभी राहिली. दाण्याचा डबा घरात फळीवर होता, झाकण घट्ट लावलेला.

कोंबड्यांनी माना वर केल्या. मग एकदम खाली घातल्या आणि टिपायला लागल्या.

तिथली जमीन तिने दुपारीच झाडली होती. मुंगी असती तरी दिसली असती. तरी चोचींचा टकटक आवाज येत होता आणि मास्तरीण लालीला ढुशा देत होती, दाण्यावरून द्याव्यात तशा.

"खा माती," सून मोठ्याने म्हणाली.

अंधारायला लागलं तशा त्या आपोआप खुराड्याकडे वळल्या. ती दाराशी बसली. लालीला उचलून तिने गळ्याखाली बोटं नेली. तिथली पिशवी या वेळी मोकळी, लोंबती लागायला हवी. ती घट्ट होती. दाबली, तर आत दाणे एकमेकांवरून सरकले. करडीची घट्ट. मास्तरणीची तर टम्म फुगून एका अंगाला कललेली.

कुंपणापलीकडे शेजारीण वाळलेले कपडे काढत होती.

"काकू, तुम्ही दाणा टाकलात का आमच्या कोंबड्यांना?"

"मी? माझ्याच मला पुरवत नाहीत, तुझ्या कुठे पोसू?" शेजारीण हसली. "पण बरं झालं बाई, शेवटी हाक मारायला लागलीस. किती दिवसांनी ऐकली. अगदी सासूसारखी मारतेस हो."

चिमटे खळ्‌कन टोपलीत टाकून ती घरात गेली.

सुनेने बाकीच्या भराभर आत सोडल्या. आता उद्या कोंबडीवाल्याने एकीचा जरी गळा चाचपला, तरी तो आल्या पावली परत जाणार. शेवटी लंगडी आली, दगडाकडून, रमतगमत. तिचीही पिशवी भरलेली होती. तिला आत ढकलून सुनेने दार लावलं, खुंटी घातली. आणि मग दगडाकडे पाहिलं.

दगडावर मूठभर दाणे होते. एका जागी, वरून हात फिरवून सारखे केल्यासारखे. लंगडी तर पोटभर खाऊन आली होती. तिने त्यांना चोच लावली नव्हती.

घरात नवऱ्याने दिवा लावला.

"आल्या का गं सगळ्या?" त्याने आतून विचारलं.

तिने खुराड्याची खुंटी पुन्हा चाचपली. आत सगळ्या शांत होत्या.

"एक राहिलीय," ती म्हणाली, आणि दगडाकडे चालू लागली.