चढावरचा गिअर

सायकलच्या दुकानात कंपनीने फॉर्म ठेवला होता : नव्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये तुम्हाला काय काय हवं? लेकीच्या सायकलचं काम होईपर्यंत वडिलांनी तो भरायला घेतला. पहिलीच मागणी लिहिली, 'चढ लागला की गिअर आपोआप हलका व्हावा.'

"माझ्यासाठी नाही हं," ते मेकॅनिकला म्हणाले. "हिच्यासाठी. दर रविवारी टेकडीवर बिचारी मागे पडते. मी सदुसष्ट वर्षांचा, पण वर आधी मीच!"

मेकॅनिकने लेकीच्या सायकलचा इलेक्ट्रॉनिक गिअर लॅपटॉपला जोडला. कुठे, कधी, कोणता गिअर टाकला, सगळी नोंद स्क्रीनवर आली. तो चक्रावला.

"ताई, टेकडीचा शेवटचा चढ आला की तुमचा गिअर हलका व्हायचा सोडून जड होतोय. दर रविवारी, त्याच वळणावर. अशानं माणूस मागेच पडणार. बटण बिघडलंय, की तुम्हीच दाबता?"

लेकीने हेल्मेटचा पट्टा उगाच सैल केला, पुन्हा घट्ट केला. गिअर असली नोंद ठेवतो, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"बिघडलं असेल," ती म्हणाली.

"मग बदलून टाकतो."

"नको," वडील फॉर्मवरून मान वर न करता म्हणाले. "चालतंय ते."

त्यांनी पहिली मागणी खोडली आणि खाली लिहिलं, 'चढावरचा गिअर ज्याच्या त्याच्या हातात राहू द्यावा.'